ओरांजरीची पाटी

चौतीस वर्षं ज्या बागेत मी गुडघे झिजवले, तिथे तिकीट काढून जायचं म्हणजे काय थट्टा आहे? मी सोलांजला, म्हणजे माझ्या बायकोला, स्पष्ट सांगितलं, मी येणार नाही. तर तिने माझं नाव आधीच यादीत घालून ठेवलेलं!

"निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, एकदाही तिकडे फिरकला नाहीस," ती म्हणाली. "अठरा किलोमीटरवर तर आहे. व्होब्रिएरचा महाल बघायला लोक समुद्रापलीकडून येतात, आणि तू घरात बसून शेजाऱ्याच्या कुंपणाला नावं ठेवतोस."

"त्याला कुंपण सरळ कापता येत नाही, तर काय हार घालू त्याच्या गळ्यात?"

"तू आला नाहीस ना, तर महिनाभर तुझ्याशी बोलणार नाही."

"ही धमकी आहे की बक्षीस?"

ती हसली नाही. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. गेलो.

जूनचा पहिला गुरुवार. आमच्या ज्येष्ठ मंडळाची बस, चाळीस म्हातारे, प्रत्येकाच्या पिशवीत दुपारचं खाणं आणि प्रत्येकाच्या तोंडी आपापलं दुखणं. चढता चढताच पुढच्या सीटवर ओदील गेरिनो दिसली आणि मी टोपी खाली ओढली. ओदील कधी मंडळाच्या सहलीला येत नसे. आन्सेल्म गेरिनोची ही एकुलती एक मुलगी. आन्सेल्म म्हणजे व्होब्रिएरचा थोरला माळी, माझा उस्ताद. फळझाडाची छाटणी, कलम बांधणं, मातीचा वास घेऊन पाणी द्यायचं की नाही ते ठरवणं, मला जे काही येतं ते त्याने शिकवलं. आणि त्याच्या जागेवर मी एकोणतीस वर्षं थोरला माळी म्हणून मिरवलो.

"रोलाँ!" ओदील म्हणाली आणि गाल पुढे केला. मीही गालाला गाल लावला. "तू येणार कळलं म्हणून मुद्दाम आले बघ. बाबांची बाग तुझ्याबरोबर बघायची होती."

मी काहीतरी पुटपुटलो आणि मागची सीट गाठली.

महाल दाखवायला मायेल नावाची पोरगी होती, पंचविशीची, आवाज खणखणीत. पाचशे वर्षांपूर्वी इटलीहून आलेले कारागीर, तो गोल गोल चढत जाणारा जिना, छताच्या तुळयांवरची नक्षी, सगळं तिला पाठ. राणीच्या पलंगापाशी आमचा फिर्मां अडला. फिर्मां आमच्या गावचा बेकरीवाला, आता मुलाच्या हाती दुकान देऊन दिवसभर लोकांची खेचतो.

"एवढासा पलंग? राणीबाई काय उभ्या झोपायच्या?"

"बसून झोपायच्या," मायेल म्हणाली. "आडवं झोपायचं ते मेल्यावर, असं मानायचे."

"मग आमची बायको राणीच की. रोज टीव्हीपुढे बसूनच झोपते."

सगळे खिदळले. मीही हसलो. बाहेर बागेत आलो आणि माझं डोकं फिरलं. खालच्या चौकोनी वाफ्यांच्या कडेची कुंपणं अशी कापलेली, की एका टोकाला गुडघ्याएवढी आणि दुसऱ्या टोकाला मांडीएवढी. आम्ही दोरी लावून कापायचो, दोरी!

"हे कोणी कापलंय? उंदरांनी?" मी मोठ्याने म्हणालो.

"सांभाळा हं बाई," फिर्मां मायेलला म्हणाला, "हे महाशय इथले थोरले माळी होते. यांच्यापुढे झाडंसुद्धा ताठ उभी राहायची."

"अय्या, खरंच?" मायेलचे डोळे चमकले. "मग माझं काही चुकलं तर सांगा बरं का, साहेब."

सोलांजने अभिमानाने माझा दंड धरला. मी पावलं आखडली, कारण पुढचं वळण ओरांजरीचं होतं.

ओरांजरी म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून बांधलेली लांबलचक दगडी इमारत, पुढून सगळी काच. नारिंगाची झाडं लाकडी पेट्यांत लावलेली असतात, ती हिवाळाभर आत ठेवायची आणि उन्हाळ्यात बाहेर ओट्यावर आणायची. आणायची कधी, तर बर्फाचे तीन संत गेल्यावर. मामेर, पांक्रास आणि सेर्व्हे, अकरा, बारा आणि तेरा मे. हे तीन दिवस उलटेपर्यंत आमच्याकडे कोणी टोमॅटोचं रोपसुद्धा उघड्यावर लावत नाही. कारण कितीही ऊन पडलेलं असो, हे तिघं जाता जाता एकदा गोठवून जातात. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

मायेल दोन रिकाम्या पेट्यांपाशी थांबली.

"इथे तीनशे वर्षांची दोन नारिंगं होती," ती म्हणाली. "राज्यक्रांती त्यांनी पाहिली, तीन युद्धं पाहिली. आणि त्र्याऐंशी साली एका सकाळच्या थंडीने ती गेली. का माहितीये? थोरला माळी गावाला गेला आणि जाताना झाडं आतच ठेवा हे सांगून जायला विसरला! बर्फाचे संत विसरणारा माळी! आन्सेल्म गेरिनो त्याचं नाव. आम्ही म्हणतो, व्होब्रिएरवर दोन संकटं आली, एक क्रांती आणि दुसरा आन्सेल्म."

हे वाक्य ती रोज म्हणत असणार, कारण म्हणून झाल्यावर हसण्यासाठी ती थांबली. आमच्या मंडळातले निम्मे लोक नवे, बाहेरून येऊन राहिलेले. ते हसले. "काय बाई माळी तरी!" कोणीतरी म्हणालं. फिर्मां हसला नाही, त्याने ओदीलकडे पाहिलं. ओदील हातातल्या पिशवीचा बंद नीट करत होती. मायेलला बिचारीला काही कल्पना नव्हती. मला होती. मी त्या काचेत माझं तोंड बघत उभा राहिलो.

आता सांगूनच टाकतो, म्हणजे तुम्हीही मला ओळखून असाल.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात बाईसाहेबांच्या, म्हणजे महालाच्या मालकीणबाईंच्या, मुलीचं लग्न होतं, सात तारखेला, शनिवारी. बाईसाहेबांना ओट्यावर नारिंगं हवी होती, फुलांनी भरलेली, दोन्ही बाजूंना. आन्सेल्मला विचारलं, तर तो म्हणाला, "बघतो, पाटीवर लिहून ठेवतो." ओरांजरीच्या दारामागे एक मोठी काळी पाटी टांगलेली असे. थोरला माळी खडूने तिच्यावर हुकूम लिहायचा आणि पाटीवर जे असेल ते आणि तेवढंच करायचं, ही व्होब्रिएरची शिस्त होती. पाटीला हात लावायचा अधिकार फक्त थोरल्या माळ्याचा. त्याच आठवड्यात आन्सेल्मची बहीण अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि तो पहाटेच्या गाडीने तिच्याकडे, लांब पश्चिमेला ब्रेतान्यला निघून गेला. ओरांजरीची किल्ली माझ्याकडे दिली.

पाटीवर त्याने लिहिलं होतं. मी वाचलं. ठळक अक्षरं होती, आजही डोळे मिटले की दिसतात.

शुक्रवारी बाईसाहेब आल्या. म्हणाल्या, "रोलाँ, तू नव्या जमान्याचा माणूस. रेडिओवर तर आठवडाभर ऊन सांगितलंय. आन्सेल्मच्या डोक्यात अजून आजीबाईंच्या गोष्टी." मी तेहतीस वर्षांचा होतो. कोणीतरी मला उस्तादापेक्षा शहाणा म्हणत होतं आणि मी हुरळलो. मंडपवाल्यांची माणसं होती, ट्रॅक्टर होता, अठराच्या अठरा पेट्या मी बाहेर काढल्या. लग्नात पाहुणे म्हणत होते, वा, काय थाट आहे! ती वाहवा मी चार दिवस अंगावर घेऊन फिरलो. सोमवारी झाडं आत न्यायला हवी होती, पण मंडपवाले गेले होते, आमचे दोघे गडी सुट्टीवर होते, आणि ऊन तर कडकडीत. गुरुवारी पांक्रास. सकाळी उठलो तर गवत पांढरं. वजा पाच.

सोळा झाडं पुढे सावरली. त्या दोन म्हाताऱ्या नाही सावरल्या. पानं शिजवल्यासारखी काळी पडून लोंबत होती.

आणि मग मी जे केलं ते झाडं मारण्यापेक्षा वाईट होतं. मी ओरांजरीत गेलो, दार लावलं आणि सदऱ्याच्या बाहीने पाटी पुसली. पाटी स्वच्छ करून मी बाईसाहेबांकडे गेलो आणि म्हणालो, उस्तादांनी मनाई लिहिलीच नव्हती, मला वाटलं त्यांची संमती आहे. शुक्रवारी आन्सेल्म परत आला, बहिणीला माती देऊन, काळ्या कोटात. झाडांकडे त्याने पाहिलं नाही, आधी पाटीपाशी गेला. बराच वेळ तिथे उभा राहिला.

"रोलाँ," तो म्हणाला, "मी लिहिलं होतं ना रे?"

"नाही, उस्ताद."

एवढंच. महिन्याच्या आत त्याने नोकरी आणि महालाच्या आवारातलं घर सोडलं. पुढे तो शनिवारच्या बाजारात भाजीची रोपं विकायला बसायचा. मी बाजारात जाताना मागच्या गल्लीने जायचो. लोक त्याच्याबद्दल वाकडं बोलले की मी म्हणायचो, "असं बोलू नका, मोठा माणूस आहे, वय झालं म्हणून चुकला." लोक म्हणायचे, रोलाँचं मन किती मोठं! माझ्या निर्लज्जपणाची अशी तारीफ व्हायची आणि मी ती खाली मान घालून घ्यायचो.

दुपारी तळ्याकाठी लिंडनच्या झाडांच्या रांगेखाली सगळे खायला बसले. सोलांज बायकांत जाऊन रमली. मी मुद्दाम एकटा लांबच्या बाकावर बसलो, तर ओदील आपली पिशवी घेऊन तिथेच आली. पावावर डुकराच्या मांसाचा तो आमचा चरबीत शिजवलेला कीस लावला आणि अर्धा मला दिला.

"मघाशी वाईट वाटलं असेल ना तुला," मी म्हणालो. काय पण धीर माझा!

"सवय झालीये," ती म्हणाली. "रोलाँ, तुला एक विचारायचं होतं. बरीच वर्षं मनात आहे. तू खरं सांगशील म्हणून तुला विचारते. बाबांबद्दल एवढ्या वर्षांत चांगलं बोललेला तूच एकटा."

मी पाव मांडीवर ठेवला.

"शेवटची तीन वर्षं ते माझ्याकडे होते," ओदील सांगू लागली. "सारखं एकच. ओदील, मी पाटीवर लिहिलं होतं गं. मग दहा मिनिटांनी, लिहिलं होतं ना? गॅस बंद केलाय का ते चारचारदा जाऊन बघायचे. हातावर पेनने लिहायचे, औषध घेतलं, दार लावलं. डॉक्टर म्हणाले डोकं शाबूत आहे, फक्त स्वतःवरचा विश्वास गेलाय. मला असह्य व्हायचं रे. एक दिवस मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, बाबा, नव्हतं लिहिलं तुम्ही! विसरलात! एकदा कबूल करा आणि संपवा!"

"मग?"

"केलं कबूल. रडत रडत. म्हणाले, हो, विसरलोच असेन. पुढे दोन महिन्यांत गेले." तिने रुमालाने बोटं पुसली. "आता तू सांग. मी बरोबर केलं ना? त्यांनी लिहिलं नव्हतं ना?"

या क्षणी मला दोन वाटा होत्या. आणि माझं मन इतकं हलकट, की खोट्या वाटेवर त्याने लगेच दयेचं कापड अंथरलं. म्हणालं, आता खरं सांगून या बाईचं काळीज कशाला फाडतोस? बापाला तिने विनाकारण रडवलं हे तिला कळून काय मिळणार? राहू दे तिला शांत.

"नव्हतं लिहिलं," मी म्हणालो. "पाटी कोरी होती, ओदील. घाईत राहून गेलं असेल."

तिने डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि माझ्या हातावर हात ठेवला. "बरं झालं विचारलं," म्हणाली. मग चेरीचा केक काढून मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. खाल्ला मी! लाज वाटून माणूस मरत असता तर त्या बाकावरच संपलो असतो.

चार वाजता सगळे फाटकापाशी जमलो. बस यायची होती. मायेल निरोप द्यायला आली होती. तेवढ्यात फिर्मांला राहवलं नाही.

"पोरी, तुला कसं कळणार म्हणा," तो तिला म्हणाला, "पण ज्या आन्सेल्मची तू टवाळी केलीस, त्याची ही मुलगी."

मायेलचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो बाई... माफ करा हो मला... मला जे लिहून दिलंय तेच मी... मी उद्यापासून ते नाव घेणार नाही. शब्द देते."

"नाही, नाही," ओदील म्हणाली. ती मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "नाव राहू दे. खरं आहे ते. मलाच इतकी वर्षं मान्य नव्हतं. पण आज रोलाँने सांगितलं, आणि तो खोटं बोलणार नाही. बाबांची चूक ती बाबांची चूक. त्यांच्या वतीने मीच माफी मागते."

ती माफी मागत होती. मायेलची, महालाची, हसणाऱ्या त्या लोकांची. अडुसष्ट वर्षांची बाई, खाली मान घालून, माझ्या शब्दावर.

"लिहिलं होतं," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला की कोणी ऐकलंच नाही. मी परत म्हणालो. "आन्सेल्मने पाटीवर लिहिलं होतं. मी पुसलं. झाडं मी बाहेर काढली आणि पाटी मी पुसली."

आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाई माझा खांदा थोपटत म्हणाल्या, "किती हो मन तुमचं! उस्तादासाठी स्वतःवर घेताय!" दोनतीन माना हलल्या. कोणीतरी टाळीही वाजवली. मायेल डोळे पुसत म्हणाली, "साहेब, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." चाळीस वर्षं कमावलेलं माझं ते खोटं मोठेपण मला खरंही बोलू देईना!

"रोलाँ, पुरे," सोलांज हळूच म्हणाली, "तिला वाईट वाटेल."

ओदील तेवढी माझ्याकडे रोखून बघत होती. "काय लिहिलं होतं?" तिने विचारलं.

"म्हाताऱ्या चौदा तारखेपर्यंत घरातच," मी म्हणालो. "बाईसाहेबांना माझा नमस्कार सांग आणि नाही म्हण. तुला म्हणवत नसेल तर मला फोन कर, मी म्हणतो. खाली फोन नंबर होता. बहिणीच्या शेजाऱ्यांचा."

टाळी वाजवणारा हात खाली आला. त्या दोन झाडांना म्हाताऱ्या म्हणायचा तो फक्त आन्सेल्म, आणि फक्त घरात आणि बागेत. हे ओदीलला माहीत होतं, मला माहीत होतं, फिर्मांलाही माहीत होतं. बाकीच्यांना आमच्या तोंडांवरून कळलं. सोलांजने माझ्या दंडावरचा हात काढून घेतला.

ओदील रडली नाही. मला शिव्याही दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती अगदी विचार करत, जणू हिशेब लागत नाही अशा आवाजात म्हणाली, "मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, रोलाँ. ते नाही नाही म्हणत होते. मी हात धरून कबूल करायला लावलं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करायची तेच सुचेना. झाडांपासून, पाटीपासून, की चेरीच्या केकपासून?

"मग मी आता लोकांना काय सांगू?" मायेलने विचारलं. तिच्या हातात तो कागद होता, रोज वाचायचा.

"गोष्ट तीच सांगा," ओदील म्हणाली. "लोकांना आवडते. नाव तेवढं बदला."

मायेलने पेन काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुमचं पूर्ण नाव?"

आमच्या नातवंडांची शाळा दरवर्षी इथे सहल आणते, ती पोरं त्या रिकाम्या पेट्यांपाशी उभी राहून ऐकणार, आणि मास्तर विचारणार, हे तुमचे कोण? मी खाली बघत राहिलो. सगळे वाट बघत होते. बस येऊन उभी राहिली होती, ड्रायव्हरने दार उघडलं होतं, तरी कोणी हललं नाही.

"रोलाँ पास्केरो," शेवटी सोलांज म्हणाली. पन्नास वर्षं तीही हेच आडनाव लावते. "घ्या लिहून."